जपानचा वसंत, दोघांसाठी: रजेच्या अर्जापासून परतीच्या विमानापर्यंत

साकुरा म्हणजे चेरीचा बहर. तो बघायला जपानला निघालेल्या जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बहर नक्की कुठल्या तारखेला असतो?" आता हे आकडे बघा. टोकियोत २०२३ साली पहिली फुलं १४ मार्चला उमलली, २०२४ साली २९ मार्चला आणि २०२५ साली २४ मार्चला. क्योटोत २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चलाच येऊन ठेपला. तिथे या बहराच्या नोंदी जवळजवळ बाराशे वर्षांच्या आहेत, आणि त्याआधी इतक्या लवकर तो कधी आल्याची नोंद नव्हती. विमानाचं तिकीट आपण काढणार चार-सहा महिने आधी, साहेबांकडे रजा मागणार त्याच्याही आधी. तेव्हा एका शहराची एक तारीख धरून बसणं म्हणजे शुद्ध जुगार.

त्यापेक्षा सोपा हिशोब आहे. जपान दक्षिणोत्तर लांबलचक देश आहे आणि डोंगराळही आहे. टोकियोत पाकळ्यांचा सडा पडलेला असतो तेव्हा उत्तरेत कळ्या अजून मिटलेल्या असतात. सपाटीवरची झाडं हिरवी झाली तरी बहर डोंगर चढतच असतो. मार्ग असा आखायचा की त्यात थोडं दक्षिण-उत्तर आणि थोडं खाली-वर असेल. मग बहर आठवडाभर पुढे-मागे झाला तरी कुठे ना कुठे तो तुम्हाला गाठतोच. पुढचं सगळं नियोजन याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी रजा, मग मार्ग

शहरांत सगळ्यात जास्त दिसणारं झाड सोमेई योशिनो जातीचं. ही झाडं कलमानं वाढवलेली, त्यामुळे एका भागातली सगळी जवळपास एकाच वेळी फुलतात. म्हणून तो देखावा इतका एकसंध दिसतो, आणि म्हणूनच तो एकदमच संपतो. पहिली फुलं उमलल्यापासून पूर्ण बहराला साधारण आठवडा लागतो, त्यानंतर पाकळ्या गळेपर्यंत आणखी जेमतेम आठवडा. मध्ये जोराचा पाऊस-वारा झाला तर तेवढाही नाही. टोकियोची अधिकृत घोषणा यासुकुनी देवळातल्या एका ठरलेल्या झाडावरून होते. हवामान खात्याचे लोक येऊन बघतात आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतात. आगाऊ अंदाज मात्र खाजगी हवामान कंपन्या देतात. ते ऐन हिवाळ्यात यायला लागतात आणि पुढे सतत सुधारले जातात. मार्चच्या सुरुवातीचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा, जानेवारीचा नुसता वाचून सोडून द्यायचा.

रजा कधी मिळते त्यावरून तीन वाटा निघतात.

मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला: टोकियो, क्योटो, ओसाका. सगळं जग याच वेळी येतं, हॉटेलांचे दर सगळ्यात चढे असतात आणि क्योटोच्या बसमध्ये शिरायला जागा नसते. पहिल्यांदाच जाताय आणि ही प्रसिद्ध शहरंच बघायची आहेत तर ठीक, नाहीतर मी याच्या फंदात पडणार नाही.

साधारण २ ते १६ एप्रिल: माझी पहिली पसंती. टोकियोत बहराचं शेपूट मिळतं, कानाझावात बहुतेक ऐन बहर, क्योटोत उशिरा फुलणारी झाडं आणि योशिनोचा डोंगर. गर्दी असते, पण जीव नकोसा होईल इतकी नाही.

साधारण १८ ते २८ एप्रिल: उत्तरेचा तोहोकु प्रदेश. बँकेत किंवा सीएच्या कचेरीत काम करणाऱ्यांनी ३१ मार्चच्या आसपास रजेचं नावही काढू नये हे त्यांना सांगायला नको. त्यांच्यासाठी ही वाट मुद्दाम केल्यासारखी आहे. फक्त २९ एप्रिलच्या आत परत फिरायचं. त्या दिवसापासून ५ मेपर्यंत जपानात सुट्ट्यांची माळ लागते, तिला 'गोल्डन वीक' म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत गाड्यांचं जे होतं ते तिथे या आठवड्यात होतं.

मधली वाट: दोन आठवडे, पाच मुक्काम

तिकीट काढताना टोकियोत उतरायचं आणि ओसाकाच्या कन्साई विमानतळावरून निघायचं. आल्या वाटेनं टोकियोला परत जाण्यात एक अख्खा दिवस आणि दोघांचे मिळून सुमारे २८,००० येन जातात. मुंबईहून जाताना बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला विमान बदललं तर असं तिकीट सहज मिळतं. दिल्लीहून टोकियोला थेट विमानही आहे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे पहिले दोन दिवस सकाळी उठवत नाही. तेव्हा सकाळचं बुकिंग ठेवू नका.

टोकियो, चार रात्री. उएनो किंवा आसाकुसा भागात राहा. विमानतळावरून यायला सोपं आणि शिंजुकुपेक्षा स्वस्त. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिंजुकु ग्योएन ही बाग चुकवू नका. प्रवेश ५०० येन, आत दारू न्यायला बंदी, त्यामुळे वातावरण शांत. मुख्य म्हणजे तिथे साकुराच्या कितीतरी जाती आहेत. सोमेई योशिनो संपला तरी दुहेरी पाकळ्यांची गुलाबी झाडं तेव्हा कुठे सुरू होतात. चिदोरिगाफुचीच्या खंदकात वल्ह्यांची होडी भाड्यानं मिळते, पण रांग लांबलचक असते. सकाळी उघडायच्या आधी जाऊन उभं राहायची तयारी असेल तरच. मेगुरो नदीकाठचे फोटो सुंदर येतात, पण प्रत्यक्षात पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून चालावं लागतं. फुजी बघायला कावागुचिको या तळ्याकाठी एक दिवस राखून ठेवा, तारीख मात्र आधी ठरवू नका. तळं आठशेहून जास्त मीटर उंचीवर आहे, म्हणून बहर टोकियोच्या मागून येतो. फुजी सकाळीच मोकळा दिसतो, दुपारपर्यंत ढगात जातो. आदल्या रात्री हवामान बघून बसचं तिकीट काढायचं. चुरेइतो पॅगोड्याला ३९८ पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या तळ्याकाठीच थांबलेलं बरं.

कानाझावा, दोन रात्री. टोकियोहून शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, अडीच-तीन तास. केनरोकुएन ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. बहराच्या आठवड्यात तिथे प्रवेश फुकट असतो आणि रात्री दिवे लावून उघडी ठेवतात. संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा शहरातल्या जुन्या चहाघरांच्या गल्ल्या बघा. क्योटोपेक्षा इथे पाऊस जास्त पडतो, छत्री लागणारच. पुढे क्योटोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. शिन्कान्सेन २०२४ च्या मार्चपासून तिथपर्यंत गेली आणि आधीची थेट गाडी बंद झाली. जुने लेख वाचून गोंधळू नका.

क्योटो, चार रात्री. इथे बहुतेक जण दिवसाला सहा देवळं मारतात आणि चौथ्या देवळात बायको बाहेरच्या बाकावर बसते. दिवसाला दोन पुरेत. सकाळी सातला गिंकाकुजीकडून नान्झेन्जीकडे कालव्याच्या काठानं दोन किलोमीटर चाला, नऊच्या आत. बहर उलटून गेला असेल तर निन्नाजीला जा. तिथली ओमुरो जातीची झाडं ठेंगणी, फुलं अगदी डोळ्यांच्या पातळीवर, आणि शहरात सगळ्यात शेवटी, एप्रिलच्या मध्याकडे फुलतात. गिओन या गेइशांच्या जुन्या भागातल्या खाजगी गल्ल्यांत शिरायला २०२४ पासून बंदी आहे, दंड १०,००० येन. तिथे राहणाऱ्यांचा फोटोसाठी पाठलाग करणाऱ्या पाहुण्यांमुळे ही पाळी आली. नुसत्या बसचा दिवसभराचा पास आता मिळत नाही. भुयारी रेल्वे आणि बस मिळून १,१०० येनचा आहे, तोच चांगला, कारण बसपेक्षा रेल्वे वेळेवर पोचवते.

यातला एक दिवस योशिनोसाठी. क्योटोहून किंतेत्सु कंपनीच्या गाडीनं दोन तासांच्या आत-बाहेर. डोंगरावर सुमारे ३०,००० झाडं आहेत आणि बरीचशी जंगली यामाझाकुरा. त्यांच्यावर फूल आणि तांबूस कोवळी पालवी एकदमच येते, त्यामुळे रंग शहरातल्यासारखा नुसता पांढुरका राहत नाही. डोंगराचे चार टप्पे आहेत: खालचा, मधला, वरचा आणि आतला. बहर खालून वर चढत जातो. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कधीही गेलात तरी एखादा टप्पा फुललेला असण्याची शक्यता मोठी. खालून चालत वर जाण्यापेक्षा हंगामातल्या बसनं वर जाऊन चालत खाली या. उतरताना सगळं खोरं समोर राहतं आणि दमही कमी लागतो.

कोयासान, एक रात्र. यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

ओसाका, दोन-तीन रात्री. शहर खाण्यापिण्याचं आणि खरेदीचं. एक दिवस इथून ओकायामाला जा, शिन्कान्सेननं पाऊण तास. पुणेकरांना तिथलं कोराकुएन बघून ओळखीचं वाटेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग अर्थातच कितीतरी मोठी, शेजारी काळा किल्ला आणि आसाही नदीच्या काठानं साकुरा.

उत्तरेची वाट, थोडक्यात

टोकियो तीन रात्री, मग काकुनोदाते आणि हिरोसाकी, वेळ असेल तर हाकोदाते. काकुनोदाते हे सामुराईंच्या जुन्या घरांचं गाव. काळ्या लाकडी कुंपणांवरून लोंबत्या फांद्यांचे साकुरा खाली आलेले असतात, आणि जवळच हिनोकिनाई नदीच्या काठी दोन किलोमीटर झाडांची रांग आहे. टोकियोहून थेट शिन्कान्सेन, तीन तास.

हिरोसाकीच्या किल्ल्याची बाग मात्र डोळे भरून बघण्यासारखी आहे. सुमारे २,६०० झाडं, त्यांतली काही शंभरी ओलांडलेली. सोमेई योशिनो इतका जगत नाही असं समजतात. पण हा सफरचंदांचा मुलूख, आणि इथल्या माळ्यांनी सफरचंदाची छाटणी साकुराला लावली. त्यामुळे एकेका ठिकाणाहून फुलांचे घोसही भरगच्च येतात. बहर उतरायला लागला की पाकळ्या खंदकात पडतात आणि पाण्याचा पृष्ठभागच दिसेनासा होतो. बदक पोहत गेलं की मागे काळ्या पाण्याची एक रेघ उमटते आणि हळूहळू पुन्हा गुलाबी होऊन बुजते. म्हणजे इथे ऐन बहराच्या तीन-चार दिवस नंतर पोचलात तर नशीबच म्हणायचं. गावात हॉटेलं थोडी आहेत. जागा मिळाली नाही तर आओमोरीत राहून गाडीनं जा, पाऊण तासाच्या आत पोचता. या वाटेसाठी जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचे प्रादेशिक पास आहेत, ते देशभरच्या पासपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

खोली घेताना

सहा महिने आधी, फुकट रद्द करता येणारं बुकिंग करा. मार्चमध्ये अंदाज आले की मुक्कामांची अदलाबदल करता येते. एप्रिलमध्ये शहरातल्या साध्या, स्वच्छ हॉटेलात दोघांच्या खोलीला रात्रीला १५,००० ते २५,००० येन धरून चाला. १०० येनला ६० रुपये असा ढोबळ भाव लावा.

जोडप्यांनी एक शब्द ध्यानात ठेवायचा: 'सेमी-डबल'. बुकिंगच्या पानावर ती सगळ्यात स्वस्त खोली असते आणि दोघांसाठी म्हणून दाखवतात. पलंग असतो १२० सेंटिमीटर रुंद. खोली बारा चौरस मीटरची, त्यात दोन मोठ्या बॅगा उघडल्या तर बाथरूमला जायला पलंगावरून उडी. लग्नाला वर्ष झालं असो की वीस, ट्विन, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली घ्या. पाहुण्यांची संख्या दोन टाकायला विसरू नका. तिथे दर बहुधा माणशी असतो आणि एकाच्या नावावर खोली घेऊन दोघं गेलात तर काउंटरवर फरक भरावा लागतो. क्योटोत मुक्कामावर वेगळा करही आहे. तो २०२६ च्या मार्चपासून वाढला आणि महागड्या खोल्यांना चांगलाच जड आहे.

बॅगांची एक युक्ती. हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं की ते तुमची मोठी बॅग कुरियरनं पुढच्या शहरातल्या हॉटेलात पाठवतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. एका बॅगेला दोन-तीन हजार येन. क्योटोहून निघताना दोन्ही बॅगा थेट ओसाकाला पाठवा आणि पाठीवरच्या छोट्या पिशव्या घेऊन कोयासानला जा. केबल कारमध्ये मोठी बॅग ओढणारी जोडपी लांबून ओळखू येतात, आणि ती एकमेकांशी बोलत नसतात.

देवळातली एक रात्र

कोयासान हे कोबो दाइशी म्हणजे कुकाई यांनी नवव्या शतकाच्या आरंभी वसवलेलं बौद्ध मठांचं गाव, सुमारे ८०० मीटर उंचीवर. ओसाकाच्या नाम्बाहून नान्काई रेल्वे, मग केबल कार, मग बस. पन्नासेक मठ पाहुण्यांना राहायला जागा देतात. माणशी १५,००० येनच्या पुढे, त्यात रात्रीचं जेवण आणि न्याहारी. पाचच्या आत पोचायचं, कारण जेवण साडेपाच-सहालाच असतं आणि उशिरा आलेल्यांसाठी कोणी थांबत नाही.

शाकाहारी मंडळींनी जपानात एकच रात्र उधळायची असेल तर ती इथे. छोट्या लाल पायांच्या चौरंगावर वाट्या मांडून आणतात: हलवला की थरथरणारा तिळाचा तोफू आणि त्यावर बोटभर वासाबी, गोठवून वाळवलेला आणि मग रसात भिजवलेला कोया-दोफू, रानभाज्यांची तेम्पुरा म्हणजे जपानी भजी, लोणचं, भात. मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. रस्सा समुद्री शेवाळ आणि मशरूमचा. चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही चालेल असं जेवण. सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थनेला बसता येतं. आंघोळीची जागा सामायिक, स्त्री-पुरुषांची वेगळी. दारं कागदाची आणि व्हरांडा गारठलेला असतो, लोकरीचे मोजे न्या. रात्रीचं तापमान एप्रिलमध्येही शून्याजवळ उतरू शकतं.

ओकुनोइनच्या दफनभूमीतून दोन किलोमीटरची वाट जाते, दोन्ही बाजूंना शतकांपूर्वीचे सुगी (जपानी देवदार) आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा आणि सकाळी एकदा अशी दोनदा चाला. परतताना कोयासान विद्यापीठाकडे वळा. आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. इतक्या दूरच्या डोंगरावर तो भेटतो हे आपल्याकडच्या फार थोड्या प्रवाशांना माहीत असतं.

व्हिसा आणि कागद

भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून करायचा. पासपोर्ट, फोटो, विमानाचं आणि हॉटेलांचं बुकिंग, दिवसागणिक कार्यक्रम, बँकेचं विवरण आणि आयकर विवरणपत्रं हा मुख्य गठ्ठा. एकाचा खर्च दुसरा करणार असेल तर लग्नाचा दाखला जोडा. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव नसेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल तर तो हवाच. व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानात शिरावं लागतं, म्हणून फार आधी अर्ज करू नका. प्रवासाच्या सहा-आठ आठवडे आधी बरोबर. नियम बदलत असतात, तेव्हा दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी ऐनवेळी पुन्हा वाचा.

बारकावा असा की ई-व्हिसाची सूचना विमानतळावर फोनवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. त्यामुळे ई-सिम घरूनच टाकून ठेवा आणि दोघांच्या फोनमध्ये वेगवेगळं. 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोडही घरूनच काढून ठेवायचा.

रेल्वेचा हिशोब

देशभर चालणारा सात दिवसांचा जेआर पास घ्यायचाच, ही समजूत जुनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची किंमत २९,६५० वरून थेट ५०,००० येनवर गेली. टोकियो-क्योटो एकेरी तिकीट सुमारे १४,००० येन. जाऊन-येऊन २८,०००. पास वसूल करायला रोज गाडीतच बसावं लागेल. मधल्या वाटेसाठी टोकियो-कानाझावा-क्योटो-ओसाका याच टापूचा 'होकुरिकु आर्च पास' आहे. त्याची त्या वर्षीची किंमत आणि सुट्या तिकिटांची बेरीज शेजारी लिहून स्वस्त असेल ते घ्या.

सुटी तिकिटं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी जपानच्या सकाळी दहाला खुली होतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. चहा घेता घेता काम होतं. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर असलेली बॅग टोकियो-ओसाका-ओकायामा मार्गावर न्यायची असेल तर शेवटच्या रांगेमागची जागा तिकिटासोबतच राखावी लागते.

शहरातल्या प्रवासाला सुईका किंवा इकोकासारखं आगाऊ पैसे भरायचं कार्ड, प्रत्येकाचं स्वतंत्र. एकाच कार्डावर दोघं फाटकातून जाऊ शकत नाहीत. आयफोनमध्ये सुईका टाकता येतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये चालत नाही, त्यांनी विमानतळावर कार्ड घ्यावं.

खाणं आणि पैसे

"व्हेज" म्हटल्यानं काम भागत नाही. मांस नको इतकं कळतं, पण मिसो सूप, उदोन, तेम्पुराची चटणी या सगळ्याच्या मुळाशी वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि तो वाढणाऱ्यालाही मासा वाटत नाही. जपानीत लिहिलेलं एक कार्ड जवळ ठेवा: मांस, मासे आणि माशांचा अर्क खात नाही, दूध चालतं, अंड्याचं जे असेल ते. आणि मनाशी ठरवा की अर्कापर्यंत कडक राहायचं की ताटात दिसणारा मासा टाळला तरी पुरे. हे दोघांनी घरीच ठरवावं. हॉटेलच्या दारात, भूक लागलेली असताना ठरवू नये.

सकाळचं जेवण सोपं आहे. खोलीत किटली असतेच. पाणी घालून होणारे पोहे-उपमा न्या. चोवीस तास उघड्या दुकानांत भाताची पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की मेतकूट आणि लोणच्याबरोबर झकास लागतात. छोट्या शहरांतही नेपाळी मंडळींनी चालवलेलं भारतीय हॉटेल बहुधा सापडतं. तिथे दुपारची थाळी हजार येनच्या आसपास. घरचा छोटा विजेचा कुकर मात्र नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा कुकर त्यावर धड तापत नाही. सॉकेट दोन चपट्या पिनांचं असतं, त्याचं अडॅप्टर दोन घ्या.

फोरेक्स कार्डावर येन भरा आणि रोख सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून काढा. देवळांचं तिकीट आणि छोटी दुकानं यांना रोखच लागते. टिप देऊ नका, मागे धावत येऊन परत करतात. दोघांचा विमान सोडून रोजचा खर्च, खोली धरून, ३५,००० येनच्या आसपास ठेवला तर ओढाताण होत नाही.

दोघांची गाडी रुळावर ठेवायला

प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या: मला हे बघायचंच आहे. सहाच्या सहा कार्यक्रमात घालायच्या, बाकी सगळं वाटाघाटीला खुलं. चार दिवसांतून एक दुपार वेगवेगळी घालवा. एकाला कॅमेऱ्यांची दुकानं, दुसरीला किमोनोच्या कापडाची, आणि संध्याकाळी सहाला एका ठरलेल्या फाटकाशी भेटायचं. "स्टेशनवर भेटू" असं म्हणू नका. शिंजुकुला दोनशेच्या आसपास दारं आहेत.

रोज पंधरा हजार पावलं होतात, त्यामुळे बूट नवे नकोत, आणि सारखे काढावे लागतात म्हणून चटकन निघणारे हवेत. गरम पाण्याच्या झऱ्यात दोघांनी एकत्र बसायचं असेल तर खाजगी स्नानाची सोय असलेली जागा निवडा. सामायिक ठिकाणी स्त्री-पुरुष वेगळे, अंगावर कपडा नाही, आणि टॅटू असेल तर अनेक ठिकाणी प्रवेश नाही.

औषधं आणि बॅग

कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या ठरावीक प्रमाणाच्या वर तिथे बंदी असलेल्या यादीत आहेत. घरातला डबा तसाच उचलून नेऊ नका, एकेक पट्टी वाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं एका महिन्यापुरती चालतात, चिठ्ठी इंग्रजीत जवळ ठेवा. याच दिवसांत सुगी आणि हिनोकी झाडांचे पराग उडतात. शिंका आणि डोळ्यांची खाज होणाऱ्यांनी नेहमीची गोळी आणि मास्क घ्यावा. कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या विमानतळावरच काढून घेतात. मटणाचं काहीही, अगदी सीलबंद असलं तरी, नको.

टोकियो-क्योटोत सकाळी आठ-दहा अंश आणि दुपारी अठरापर्यंत. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर. रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही आणि स्वच्छतागृहात हात पुसायला कागद नसतो, म्हणून खिशात एक पिशवी आणि हातरुमाल.

परतीच्या दिवशी ओसाकाच्या नाम्बाहून नान्काई रेल्वेनं पाऊण तासात कन्साई विमानतळ येतो, तरी विमानाच्या तीन तास आधी पोचा. पर्यटकांच्या वेलकम सुईकावरची शिल्लक परत मिळत नाही. फाटकाबाहेरच्या दुकानात ती संपवायची: पाण्याची बाटली, ऑफिसात वाटायला माचाच्या (हिरव्या चहाच्या पुडीच्या) बिस्किटांचे डबे, आणि कमी पडलेले येन नाण्यांत.